सातवं नाव : गावच्या कलासंस्थेवर विश्वस्त म्हणून सही करण्याआधी

रविवारी सकाळी दारात मोटारसायकल थांबली तेव्हाच मी ओळखलं. काखेत प्लास्टिकची फाइल, खिशाला पेन आणि चहाला "नको, नको" म्हणत खुर्चीच्या टोकावर बसणं. "सर, आधारची झेरॉक्स आन् दोन फोटू द्या. फक्त नाव घालतोय तुमचं. सहा झाल्यात, सातवं तेवढं कमी पडतंय."

पलीकडच्या गावातली ही मंडळी. मर्दानी खेळ, हलगी, सोंगी भजन. यात्रेत एक मोठा कार्यक्रम आणि मे महिन्यात पोरांचं शिबिर. काम चांगलं आहे, मी बघितलंय. नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. पण "फक्त नाव" या दोन शब्दांनी आपल्या जिल्ह्यात किती माणसं विश्वस्त झाली असतील याची गणतीच नको. मीही त्यातलाच. असाच एकदा फक्त नाव घालायला गेलो आणि अकरा वर्षं खजिनदार होऊन बसलो. त्या अकरा वर्षांत जे कळलं ते सही करायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हा लेख.

सातच का?

कारण कायदा तसा आहे. संस्था नोंदणी अधिनियम १८६० सालचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. त्यात म्हटलंय की कला, शिक्षण, धर्मादाय अशा कामासाठी सात किंवा जास्त माणसं एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. ही माणसं मिळून एक कागद करतात. संस्था कशासाठी आहे, सभासद कोण, कार्यकारिणी किती जणांची, निवड कशी, सभा कधी, हे सगळं त्यात असतं. त्याला आपण घटना म्हणतो. हो, देशाची असते तशीच संस्थेचीही घटना असते, आणि तीही बऱ्याचदा न वाचताच मानली जाते.

महाराष्ट्रात एवढ्यावर भागत नाही. १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा आहे. धर्मादाय हेतूनं नोंदवलेली संस्था त्यातही येते, म्हणून आपल्याकडच्या संस्थांच्या लेटरहेडवर दोन-दोन नोंदणी क्रमांक दिसतात. आणि ज्यांचं नाव कार्यकारिणीत आहे ते कायद्याच्या नजरेत विश्वस्त ठरतात. गावात त्यांना ट्रस्टी म्हणा, संचालक म्हणा, नाहीतर नुसतं "कमिटीतला माणूस" म्हणा. या सगळ्यांवर देखरेख धर्मादाय आयुक्तांची.

त्यांच्या कार्यालयात प्रत्येक संस्थेचं एक पान असतं, परिशिष्ट एक. वकील त्याला शेड्यूल वन म्हणतात. हा संस्थेचा सातबारा समजा. संस्थेचं नाव, पत्ता, विश्वस्त कोण, मालमत्ता काय, सगळं त्यावर. शेताचा व्यवहार करताना कुणी तोंडी सांगितलं की "रान माझंच आहे" तर आपण सातबारा मागतोच. संस्थेचंही तसंच. अध्यक्ष कोण हे फ्लेक्स बोर्डावरून ठरत नाही, या पानावरून ठरतं.

फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे : सातबारावर नाव म्हणजे मालकी. परिशिष्ट एकवर नाव म्हणजे राखण.

मग मालक कोण?

कुणीच नाही. हेच लोकांना पटत नाही.

आपल्याकडं सहकार हाडीमासी भिनलाय, त्यामुळं संस्था म्हटलं की डोळ्यासमोर दूध संस्था येते. तिथं मी दूध घालतो, शेअर माझा असतो, दिवाळीला फरक बिल माझ्या खात्यावर जमा होतं. नफा झाला तर वाटा मिळतो. कलासंस्थेत वाटा नाही. उरलेला पैसा पुढच्या कार्यक्रमाला, पोरांच्या शिबिराला, ढोलकीच्या कातड्याला. संस्था उद्या बंद पडली तरी तिची हार्मोनियम अध्यक्षाच्या घरी जाऊ शकत नाही. सहकारी संस्थेवर उपनिबंधकांचा डोळा असतो, इथं धर्मादाय आयुक्तांचा. दोन्हीकडं संचालक हाच शब्द वापरतात, तिथंच घोटाळा होतो.

"पण संस्था उभी केली ती आम्ही. घरची भाकरी खाऊन राबलो." खरंय. पण धरणाच्या भिंतीला खांदा लावला म्हणून पाणी आपलं होत नाही. तुमच्या नंतरच्या पोरांना ते मिळायला हवं, आणि तोवर ते सांभाळायचं काम तुमच्याकडं दिलेलं असतं. विश्वस्त या शब्दात विश्वास आहे तो या अर्थानं.

एक मात्र मी स्पष्ट सांगतो, वकील लोकांना आवडो न आवडो. बारा माणसांचं भजनी मंडळ आहे, टाळ-मृदंग ज्याचे त्याचे, एकादशीला मारुतीच्या देवळात बसतात आणि खर्च आपापल्या खिशातून करतात, त्यांनी उगाच संस्था नोंदवायच्या फंदात पडू नये. लोकांचा पैसा नाही, मालमत्ता नाही, तर सांभाळायचं काय? नोंदणी लागते ती लोकांकडून देणगी घेऊन सार्वजनिक काम उभं करायचं असेल, संस्थेच्या नावानं जागा घ्यायची असेल, अनुदान हवं असेल तेव्हा. तेव्हा मात्र टाळता येत नाही.

"आमच्या आज्ज्यानं कुठं नोंदणी केलती?"

हा आक्षेप मी प्रत्येक गावात ऐकला. आजोबांच्या काळी कलेचा पैसा कुठून यायचा ते बघा. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून ठेवलं, १९१५ साली पॅलेस थिएटर उभं राहिलं, तेच पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह. पैसा दरबारचा, त्यामुळं हिशेबही दरबारालाच. खेड्यात तो जत्रेच्या मानकऱ्यांचा, पाटलाचा, देवस्थानाचा. देणारा एक आणि विचारणाराही एकच.

आता देणारे पाचशे. कुणी शंभर दिले, कुणी ज्वारीचं पोतं दिलं, मुंबईला गेलेल्या पोरानं फोनवरून पाच हजार पाठवले. राजा गेला म्हणून हिशेब संपला नाही, उलट विचारणारे वाढले. आणि पाचशे जण काही रोज येऊन विचारू शकत नाहीत. त्यांच्या वतीनं विचारायला सात जण बसवलेले असतात. गायन समाज देवल क्लबसारखी संस्था कोल्हापुरात १८८३ पासून चालत आली ती एकट्या माणसाच्या जोरावर नव्हे. माणसं बदलत गेली, संस्था राहिली.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हा अर्धं कोल्हापूर रस्त्यावर आलं होतं. डोळ्यांत पाणी घेऊन माणसं उभी होती. ते नाट्यगृह महापालिकेचं, त्यामुळं निदान विचारायचं कुणाला हे तरी माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी आमच्या तालमीच्या खोलीत जाऊन मेन स्विच उघडून बघितला. आत पालीचं घरटं आणि फ्यूजच्या जागी गुंडाळलेली तांब्याची तार. खोली संस्थेची, म्हणजे ती तार आमची, सगळ्या सात जणांची. सभेच्या विषयपत्रिकेवर वायरिंग हा विषय अकरा वर्षांत त्या महिन्यात पहिल्यांदा आला.

सभेत काय करायचं असतं?

चहा पिऊन पुढच्या कार्यक्रमाची तारीख ठरवली की सभा झाली असा समज आहे. तारीख ठरवणं हे कार्यकर्त्यांचं काम. खेड्यात कार्यकर्ता आणि विश्वस्त एकच असतो ही खरी अडचण. जो दुपारी मांडवाचे खांब रोवतो, त्यानंच रात्री मांडवाच्या बिलाकडं नीट बघायचं असतं.

या कामाचं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार म्हणजे प्रोसिडिंग. लांबट, कडक पुठ्ठ्याची वही. ठराव क्रमांक, विषय, सूचक, अनुमोदक आणि शेवटी ठरलेलं वाक्य : "सर्वानुमते मंजूर." आमच्याकडं सचिव ती घरी बसून लिहायचे, मग त्यांचा मुलगा सायकलवरून सह्या गोळा करत फिरायचा. मी पहिली तीन वर्षं गोठ्याच्या दारात उभ्या-उभ्या सह्या केल्या. चौथ्या वर्षी सहज पान वाचलं तर कळलं, ज्या सभेला मी हजरच नव्हतो त्या सभेत मी साउंड सिस्टीम घ्यायच्या ठरावाला अनुमोदन दिलं होतं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. साउंड लागतच होती. पण उद्या त्या खरेदीत काही निघालं असतं तर कागदावर अनुमोदक मी होतो, आणि कागद माझ्यापेक्षा जास्त दिवस जगणार होता.

तेव्हा सभेत जा. जाता येत नसेल तर हजेरीची सही करू नका. आणि एखादी गोष्ट पटली नाही तर तोंडानं कुरकुर करण्यापेक्षा "माझा विरोध नोंदवून घ्या" एवढं म्हणा. आपल्याकडं हे भांडण समजतात. ते भांडण नव्हे, पुढं कधी प्रश्न निघाला तर तुम्ही काय म्हणाला होता याचा तो पुरावा.

पैसा : मांडव पाव्हण्याचाच का?

समजा यात्रेतल्या कार्यक्रमाला ६२,००० रुपये जमले. मांडव १८,०००, साउंड १२,०००, जेवण ९,०००, बाहेरून आलेल्या हलगीवाल्यांची बिदागी ८,०००. उरले १५,०००. आता तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, ६२,००० च्या पावत्या आहेत का. पावती पुस्तकं किती छापली, कुणाकडं किती दिली, परत किती आली. न परतलेलं पुस्तक म्हणजे न मोजलेला पैसा. दुसरी, खर्चाचं व्हाउचर. हलगीवाल्याकडं बिल बुक नसतं, त्यामुळं साध्या कागदावर नाव, गाव, रक्कम आणि सही किंवा अंगठा घेतला तरी चालतो. पण तो तिथंच घ्यायचा, पंधरा दिवसांनी आठवून नव्हे. तिसरी, उरलेले १५,००० कुठं आहेत. "खजिनदाराकडं आहेत, काय पळून जातोय का?" नाही जात. पण लगेच न लागणारा पैसा बँकेत किंवा पोस्टात ठेवावा असं कायदा सांगतो, आणि खजिनदाराच्या घरी अचानक दवाखाना निघाला तर कपाटातल्या नोटांना कळत नाही की त्या संस्थेच्या आहेत.

आता मांडवाकडं या. मांडववाला उपाध्यक्षांचा मेव्हणा. गावात मांडववाला एकच, तोही पाव्हणा. त्याला काम द्यायचं नाही म्हणणं वेडेपणा आहे. अशा वेळी उपाध्यक्षांनी सभेत आपणहून सांगायचं की हा माझा नातेवाईक आहे, दर ठरवताना मी बाहेर बसतो. दोन गावांतून दर मागवायचा. ठरावात तसं लिहायचं. यालाच हितसंबंध जाहीर करणं म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट मात्र घरातल्या लग्नासारखी : मुलीच्या बापानं स्वतःच्या दुकानातून दागिने घेतले तर आधीच सांगून टाकलेलं बरं.

सगळ्यात अवघड वाक्य इथंच ऐकू येतं. "विश्वास नाही का आमच्यावर?" या एका वाक्यानं जितके हिशेब दाबले गेलेत तितके चोरीनंसुद्धा नसतील. माझं ठरलेलं उत्तर असतं : तुमच्यावर आहे, म्हणून तर तुमच्या नावावर कागद असावा असं वाटतं. कागद नसेल तर उद्या चोर ठरणारा माणूस बहुतेक वेळा प्रामाणिक खजिनदारच असतो.

डेडस्टॉकची वही

प्रत्येक शाळेत असते तशी संस्थेतही एक वही असायला हवी : डेडस्टॉक. काय वस्तू, कधी आली, कुठं आहे. हे कुणी करत नाही आणि कलासंस्थेचं खरं धन इथंच असतं. आमची एक पत्र्याची ट्रंक होती. आत दांडपट्टे तीन, लाठ्या, एक हलगी, जुने फेटे, सोंगांचे कपडे, देवीचा लाकडी मुखवटा. २०१९ च्या महापुरात ती एका सभासदाच्या तळमजल्यावर होती. पाणी उतरल्यावर उघडली तेव्हा फेट्यांचा रंग मुखवट्याला लागलेला, पट्ट्यांना गंज आणि हलगीचं कातडं सडून वास येत होता. पंचनामा करायला आलेल्या माणसानं विचारलं, "काय काय होतं?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. वही नव्हती. तो मुखवटा किती जुना हे सांगू शकणारे म्हातारबाबा आदल्या वर्षीच गेले होते.

आता वही आहे. प्रत्येक वस्तूचा मोबाइलवर फोटोही आहे. ट्रंक वरच्या मजल्यावर.

जमीन असेल तर जास्त सांभाळा. कुणीतरी बक्षीसपत्रानं दोन गुंठे दिलेले असतात आणि रस्ता रुंद झाला की त्या दोन गुंठ्यांवर सगळ्यांचा डोळा. संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. भाडेपट्ट्यानं द्यायची तरी, शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जागा किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं द्यायला तीच परवानगी. सातही जणांनी एकमतानं ठराव केला तरी त्याशिवाय चालत नाही. कर्जाचंही तेच. पतसंस्थेचा मॅनेजर ओळखीचा आहे म्हणून संस्थेच्या नावावर परस्पर कर्ज काढता येत नाही.

फेरफार : मेलेल्या माणसाची सही कोण आणणार?

सातबाराला फेरफार असतो तसा इथं बदल अर्ज, सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, पत्ता बदलला, मालमत्ता आली की ९० दिवसांच्या आत हा अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यायचा. गावात वारसनोंद न केल्यानं पुढच्या पिढीचे जे हाल होतात तेच इथं होतात.

आमचे झाले. बँकेत खातं होतं अध्यक्ष आणि सचिव यांच्या दोघांच्या सहीचं. अध्यक्ष वारले, नवे निवडले, हार घातले, पेढे वाटले. बदल अर्ज मात्र "पुढच्या आठवड्यात" करत दोन वर्षं राहिला. मग सचिवही गेले. बँक म्हणाली, धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीवर ज्यांची नावं आहेत त्यांच्याच सह्या चालतील. नोंदीवर सात नावं, त्यातली दोन दिवंगत, एक पुण्याला, एक संस्थेशी भांडून बसलेलं. त्या वर्षीचं शिबिर आम्ही उसनवारीवर केलं आणि खात्यात पैसे असून हलगीवाल्यांना दोन महिने थांबवलं. उशीर का झाला याचा माफीअर्ज, जुनी प्रोसिडिंग, मृत्यूचे दाखले, सभेच्या नोटिसा, असं सगळं गोळा करता-करता माझी एक पावसाळ्याची सुट्टी गेली. दोष कार्यालयाचा म्हणायचा तर थोडाफार असेल. मोठा वाटा आमच्या पेढ्यांचा.

दरवर्षीचं ठरलेलं काम वेगळं : ३१ मार्चला हिशेब बंद करायचे आणि सहा महिन्यांच्या आत सीएकडून ऑडिट करून घ्यायचं. यात फार सांगण्यासारखं काही नाही. ते करायचं असतं. वर्षानुवर्षं हिशेब न देणाऱ्या विश्वस्तांना आयुक्त निलंबित करू शकतात, काढूही शकतात.

"आम्ही फुकट राबतो, मग गुन्हाही आमच्यावरच?"

प्रश्न रास्त आहे. भीती मात्र गरजेपेक्षा जास्त आहे. प्रामाणिकपणे आणि काळजी घेऊन केलेल्या कामात तोटा आला, अवकाळी पावसानं कार्यक्रम बुडाला, तर कुणी विश्वस्ताच्या घरावर जप्ती आणत नाही. हलगर्जीपणानं, भलत्याच कामाला पैसा वळवल्यानं किंवा विश्वासघातानं संस्थेचं नुकसान झालं तर ती रक्कम चौकशी करून विश्वस्ताकडून वसूल करण्याची तरतूद आहे. खरोखर अपहार असेल तर भारतीय न्याय संहितेतलं फौजदारी विश्वासघाताचं कलम आहेच. फुकट काम केलं हा त्यावर बचाव होत नाही. "मला काही माहीतच नव्हतं, मी फक्त नावाला होतो" हा तर नाहीच नाही. माहीत करून घेणं हेच काम होतं.

हे सगळं करून मिळतं काय, असंही विचारतात. आयकर खात्याकडं संस्थेची वेगळी नोंदणी करता येते, लोक तिला बारा-ए आणि ऐंशी-जी म्हणतात. पहिलीमुळं संस्थेला करसवलत, दुसरीमुळं देणगीदाराला; मात्र २,००० रुपयांवरची रोख देणगी त्या सवलतीत बसत नाही. मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामावर जो खर्च करावा लागतो त्या यादीत पारंपरिक कलांचं जतन हाही विषय आहे. म्हणजे कागलच्या किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीकडं आपण हलगीच्या शिबिरासाठी जाऊ शकतो. ते पहिल्या भेटीत वाजवायला सांगत नाहीत. तीन वर्षांचं ऑडिट मागतात.

मग सही केली का?

त्या रविवारी मी फाइल उघडली नाही. म्हटलं, घटनेचा मसुदा आणा, आजवरच्या पावत्या आणा आणि संस्थेचं सामान कुणाकडं काय आहे त्याची यादी आणा. पोरगं जरा नाराज झालं. "सर, यादी कशाला? सगळ्यांना म्हाईतच हाय की." मी म्हटलं, सगळ्यांना माहीत असलेलं एकदा कागदावर आलं की बघू.

पुढच्या गुरुवारी रात्री तो आला, बरोबर आणखी दोघं. मसुदा आणला होता, नेटवरून उतरवलेला, त्यात एके ठिकाणी भलत्याच संस्थेचं नाव तसंच राहिलेलं. ते आम्ही खोडलं. चहा झाला. यादी वहीच्या फाडलेल्या पानावर होती : लाठ्या १४, दांडपट्टे २, टाळ ९ जोड, हलग्या ४. शेवटच्या ओळीपुढं पेनानं प्रश्नचिन्ह.

"चारातल्या तीन सापडल्या," तो म्हणाला. "चौथी कुणाकडं हाय ते कुणालाच ठावं न्हाई. सगळ्यांना वाटत हुतं दुसऱ्याकडं हाय."

मी पेन मागितलं.